काकूंची नळी

ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत नासक्या फळाला इतका मान देणारा दुसरा माणूस झाला नाही आणि होणार नाही, हे मी लिहून देतो. आमच्या वरच्या मजल्यावरचे काका नौपाड्यातल्या फळवाल्याकडे जाऊन अगदी अदबीने विचारायचे, "काल टाकून द्यायला काढलेली द्राक्षं आहेत का?" फळवाला आधी चिडायचा, नंतर घाबरायचा आणि शेवटी पिशवी भरून ठेवायला लागला. काका डोंबिवलीच्या एका कॉलेजात जन्मभर सूक्ष्मजीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते आणि त्यांचा जीव सगळा यीस्टमध्ये. तेच ते, पाव फुगवणारं. नवरात्रात टेंभी नाक्यावर सगळे देवीपुढे हात जोडून उभे असायचे, तेव्हा हे महाशय निर्माल्याच्या टोपलीत डोकं घालून कोमेजलेला झेंडू हुंगत असायचे. कल्याणला माझ्या भाचीच्या लग्नात यांनी अहेराचं पाकीट दिलं आणि त्याच खिशात एक फुटका चिकू घातला आणि वरपक्षाच्या एका बाईंनी तो बघितला. काय तोंड दाखवायचं सांगा!

त्यांच्या फ्रीजमध्ये दूध-भाजीला जागाच नव्हती. सगळीकडे काचेच्या नळ्या आणि प्रत्येकीवर गावाची चिठ्ठी: कोपरी बेकरी, टेंभी नाका झेंडू, कल्याण ताडी. मला तर सगळ्यांत तोच एक पांढरा थर दिसायचा. तसं म्हटलं की काका दुखावायचे. "अरे, आपल्या सोसायटीतली माणसं गच्चीवरून बघितलीस तर सगळी सारखीच दिसतील. खाली उतरून बोल जरा त्यांच्याशी!" मग ते सूनमुख दाखवावं तशा बशा दाखवायचे. एकीत मीठ घातलेलं, एक उबेत ठेवलेली, एकीत साखरच साखर. खरंच, ताडीवाली उन्हाला भीक घालत नव्हती, झेंडूवाली मिठाने मान टाकायची आणि कोपरीची अशी हावरट की एका दिवसात बशी भरून मोकळी. "जनुकांची पोथी सगळ्यांची एकच," काका म्हणायचे, "पण इथे एक अक्षर वेगळं, तिथे एक वेगळं. एवढ्यानं स्वभाव बदलतो बघ."

या सगळ्यांत एक नळी होती, चिठ्ठीवर फक्त 'ही' असं लिहिलेली. ती काकूंची.

काकूंचं माहेर कल्याणच्या खाडीकडचं, मिठागरवाल्यांचं. त्या तांदळाची सांदणं वाफवायच्या, माहेरून आलेल्या आंबवणाने. आदल्या खेपेचं थोडं पीठ राखून ठेवायचं आणि पुढच्यात घालायचं, असं त्यांच्या आजीपासून चाललेलं. मी जिन्यात दिसलो की हाक यायची, "ये रं, गरम हाय तवर खा!" काय वास असायचा त्या सांदणांना! पिकल्या केळीचा म्हणावा तर तसाही नाही. काकू गेल्या तेव्हा फ्रीजमध्ये लिंबाएवढं पीठ उरलं होतं. काकांनी रडायच्या आधी त्यातलं यीस्ट नळीत घेतलं, असं नातेवाईक नावं ठेवत सांगायचे. ठेवू देत. त्या दोघांना मूलबाळ नव्हतं. काकूंच्या हातचं म्हणून या जगात जिवंत असं तेवढंच उरलं होतं.

ही नळी सगळ्या परीक्षांत नापास. ऊन सोसेना, मीठ सोसेना, साखर दिली तरी वाढ आपली रमतगमत, तिसऱ्या दिवशी. वास तेवढा तिचा. मी एकदा शहाणपणाने म्हटलं, "काका, त्या वासाचं जे काही जनुक असेल ते शोधा आणि दुसऱ्या कुणात घाला ना." काका हसले. "एकच असतं तर काय हवं होतं रे! कोपरीशी लग्न लावून बघितलं हिचं. पोरांमध्ये कुणाला थोडा वास, कुणाला जरासा, पुरा एकालाही नाही. पोथीतल्या वीस-पंचवीस ठिकाणचं थोडंथोडं मिळून तो होतो. ही गेली तर पुन्हा जुळवून आणता यायची नाही."

आणि गेली ती माझ्या हातून.

काकांना छातीत दुखायला लागलं म्हणून दवाखान्यात न्यायचं ठरलं. नेमकी नळ्या बदलायची वेळ आलेली, ते काम माझ्यावर आलं. जुन्या नळीतलं तारेच्या टोकाने किंचित उचलायचं, नव्या नळीत लावायचं आणि दर वेळी तार स्पिरिटच्या दिव्यावर लाल होईपर्यंत तापवायची, म्हणजे आधीच्या नळीतलं चिकटलेलं जळून जातं. मी पहिली कोपरीची घेतली. दोन-तीनदा तार तापवली, मग कंटाळलो. घरात चमचा पुसतो तशी स्वच्छ फडक्याने पुसून पुढे गेलो. काकूंची नळी शेवटची. जुन्या नळ्या उकळून टाकायला सांगितल्या होत्या, तेवढं मात्र मी चोख केलं. मूर्ख मी!

पंधरा दिवसांनी काका घरी आले आणि आधी फ्रीज उघडला. एकेक नळी नाकाशी नेली. बहुतेक नळ्यांना कोपरीच्या पावाचाच वास. शेवटची त्यांनी बराच वेळ धरून ठेवली. मग शांतपणे विचारलं, "तार तापवली होतीस ना रे?"

"हो काका, दर वेळी," मी म्हणालो.

"मग ठीक," ते म्हणाले आणि मला चहा केला.

त्यानंतर पाच महिने ते त्या मिसळलेल्या नळीतलं यीस्ट बशीवर पसरत, प्रत्येक ठिपका वेगळा वाढवत आणि हुंगत बसायचे. हजारांत एखादी ती असेल, या आशेवर. मी रोज जायचो, बशा धुवायचो, खरं सांगायचं ठरवायचो आणि खाली यायचो. गणपतीच्या आधी काका गेले. बावीस बशा हुंगायच्या राहिल्या होत्या. त्या मी हुंगल्या. ती नव्हती.

त्यांची वही माझ्याकडे आली. माझ्या करणीच्या तारखेखाली त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलंय: 'नळ्या मिसळल्या. ही गेली असावी. तार तापवायला सांगायचं मी विसरलो. चूक माझी. पोराला बोलायचं नाही.'

विसरले नव्हते हो. मला तीनदा सांगितलं होतं. तिसऱ्यांदा तर खाली रिक्षात बसल्यावर, एका हाताने छाती धरून आणि दुसऱ्या हाताने माझं मनगट.