मुकुटाचं टोपण

भांड्यांच्या दुकानात मास्तरांना एकटं सोडायची सोय नव्हती. त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या काकींनी, त्यांना पेणच्या बाजारात वरणाचं पातेलं आणायला पाठवलं, की ते दुकानात उकिडवे बसून पेले, डबे, नरसाळी एकेक करून कानाशी धरायचे, टिचकी मारायचे आणि मग खांद्यावरच्या पिशवीतून ट्रम्पेट काढून त्याच्या कर्ण्यात ते भांडं बसतं का पाहायचे. दुकानदार ओळखीचा होता म्हणून निभावलं. पातेलं राहूनच जायचं. घरी यायचं एखादं नरसाळं, आणि काकी म्हणायच्या, "आज वरण यातच शिजवू व्हय?"

मास्तर आमच्या बँडचे पहिले ट्रम्पेटवाले. मी दुसरा. मी धरमतरच्या खाडीकाठचा, नोकरी रोह्याच्या कंपनीत, आणि शिफ्ट सांभाळून लग्नसराईत लाल कोट चढवणारा. ट्रम्पेटच्या कर्ण्यात काही बसवलं की आवाज दबतो आणि त्याचा रंगही बदलतो. शहरातले वादक त्या वस्तूला म्यूट म्हणतात. आमच्याकडे सरळ टोपण म्हणत. मास्तरांच्या पिशवीत अशी टोपणं खच्चून भरलेली असत, म्हणून सगळा बँड त्यांना टोपणमास्तर म्हणायचा. वडखळच्या नाक्यावर एसटीची वाट पाहताना शेजारी कुणी अनोळखी माणूस बसला, तर त्यालाही ते दोन टोपणांतला फरक समजावून सांगत. तो गरीब माणूस बहुतेक वेळा पहिली मिळेल ती गाडी पकडायचा.

पण हे वेड हौसेचं नव्हतं. काकी एकदा मोठ्या दुखण्यातून उठल्या त्या कान नाजूक होऊनच. ऐकू छान यायचं, उलट जास्तच यायचं. कुकरची शिट्टी झाली तरी त्या डोकं धरून भिंतीला टेकायच्या. डॉक्टरांनी मोठ्या आवाजापासून लांब राहा म्हणून सांगितलं. आता दोन खोल्यांच्या घरात नवरा ट्रम्पेटवाला असताना लांब म्हणजे किती लांब राहायचं?

मास्तरांनी रियाज बंद केला. पण ट्रम्पेटवाल्याचे ओठ रोज वाजवले नाहीत तर सैल पडतात, आणि ओठ सैल पडले की लग्नात वरचा सूर फाटतो. मग ते पहाटे उठून खारजमिनीच्या बांधावर जाऊन वाजवू लागले. हे काकींना कळलं तेव्हा मी तिथेच चहा पीत होतो. काकी इतक्या चिडलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या.

"लग्न होऊन आले तवापासून या आवाजावर माझा दिवस उगवतोय. तो नेऊन खाडीतल्या बगळ्यांना ऐकवताय?"

"अगो, तुला त्रास होतो म्हणून..."

"त्रास होतो तर त्यावर काय तरी करा. घर सोडून वाजवायचं नाय."

त्या दिवसापासून मास्तरांच्या डोक्यात एकच गोष्ट होती. वाजवायचं तर घरातच, आणि तिला सोसेल असं. नाहीतर ट्रम्पेट कायमचं पेटीत. हे त्यांनी मला साध्या आवाजात सांगितलं, पण सांगताना ते ट्रम्पेटच्या कळा उगाच दाबत होते.

मग रविवारी दुपारी त्यांच्या घरी परीक्षा सुरू झाली. काकी आतल्या खोलीत पडद्यामागे. बाहेर मास्तर आणि मी. टोपण बदलायचं, भजनाची तीच एक चाल वाजवायची आणि आतून निकाल यायची वाट पाहायची. मुंबईच्या दुकानातून आणलेलं ॲल्युमिनियमचं टोपण सगळ्यात देखणं होतं. आवाज बारीक, धारदार, आणि सूर चांगलाच चढायचा. आतून निकाल आला, "डब्यात गांधीलमाशी अडकलीय." मग करवंटी, बुडाला भोक पाडून. तिचा आवाज मऊ होता, पण सूर खाली बसायचा. "याला पडसं झालंय." मोरीचं तुंबलेलं पाणी काढायच्या रबरी पंपाची वाटी मास्तर हाताने कर्ण्यावर उघडझाप करायचे. त्यातून वाँव वाँव असा आवाज निघे. पोटभर हसून झाल्यावर काकी म्हणाल्या, "हा रडतोय. याला घरात नका घेऊ."

सूर किती चढला, किती उतरला हे पाहायला मी मोबाइलमध्ये सुई दाखवणारं ॲप घेतलं होतं. मास्तरांना ते आवडायचं. "सुई खोटं बोलत नाय," ते म्हणायचे, "पण तिला आवडनिवड नाय. ती आतल्या खोलीत हाय."

टोपण लावलं की ट्रम्पेटची एक नळी थोडी बाहेर ओढून चढलेला सूर खाली आणावा लागतो. टोपण काढलं की ती नळी पुन्हा आत घ्यायची, नाहीतर उघडा सूर उतरतो. गोष्ट एवढीशी आहे, पण माझ्या हातून ती हटकून राहायची. रोह्याच्या एका वरातीत मी टोपण काढून मोठ्या ऐटीत तान घेतली आणि ती अशी उतरली की नवरदेवाच्या घोड्यानेही मान वळवली. मास्तर वाजवता वाजवता थांबून ओरडले, "टोपण काढलंस, आता नळी कोण आत घेणार, तुझा सासरा?" माझं तेव्हा लग्नही झालेलं नव्हतं. पुढे झालं, तेव्हा मास्तरांनी सासऱ्यांना पहिला प्रश्न नळीबद्दलच विचारला.

योग्य टोपण शेवटी मिळालं ते गणपतीच्या कारखान्यात. मास्तरांच्या गल्लीत कारखानेच कारखाने. तिथे मोठ्या मूर्तीचे मुकुट वेगळ्या साच्यात काढून वाळत ठेवत. त्यातला कागदाच्या लगद्याचा एक लहान मुकुट कडेला तडकला म्हणून बाजूला पडला होता. मास्तरांनी तो उचलला, टिचकी मारली आणि कारखानदाराकडे अशा नजरेने पाहिलं की तो बिचारा घाबरलाच. देवाचा मुकुट बाज्याच्या तोंडात कोंबायचा, हे त्याच्या मनाला पटेना. वाद काकींपर्यंत गेला. काकी म्हणाल्या, "मूर्तीच्या डोक्यावर चढला तर मुकुट. हा चढलाच नाय. हा अजून कागदच हाय." कारखानदाराने सुटकेचा श्वास सोडला आणि वर थोडा सरसही दिला.

मास्तरांनी मुकुटाची कड घासून गोल केली. हवा बाहेर पडायला फट राहावी म्हणून बाहेरून जुन्या स्लिपरच्या रबराच्या तीन पट्ट्या चिकटवल्या. सूर किंचित चढत होता, तेवढी नळी बाहेर ओढली. मग चाल वाजवली. आतून काहीच आवाज आला नाही. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याकडे पाहिलं. काकी पडदा सारून उंबऱ्यात आल्या होत्या. कितीतरी दिवसांत वाजत असताना त्या एवढ्या जवळ आल्या नव्हत्या.

"हा तुमचाच आवाज हाय," त्या म्हणाल्या. "लांबून येतोय एवढंच."

मास्तरांनी ट्रम्पेट खाली ठेवलं आणि पाणी प्यायच्या निमित्ताने मोरीकडे गेले. मीही चपला शोधू लागलो.

त्यानंतर वर्षानुवर्षं त्या घरात मुकुट लावूनच रियाज झाला. रस्त्यावर मास्तर उघडं वाजवायचे, आणि काय वाजवायचे! पण तो आवाज काकींच्या वाट्याला पुन्हा आला नाही. एखाद्या घरी माणूस गेलेलं असलं, की त्या दारावरून जाताना आमच्याकडे बँड थांबवतात. तशीच मास्तरांच्या घराची एक रीत पडून गेली. विसर्जनाची मिरवणूक त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी आली की ढोल-ताशे थांबायचे, मास्तर मुकुट लावायचे आणि एकटे वाजवत दारावरून जायचे. काकी खिडकीत उभ्या असत. नवखे लोक चेष्टा करायचे, पण गल्लीतलं कुणी हसत नसे.

पुढे मुलाने दोघांना रोह्याला नेलं. निघताना मास्तरांनी टोपणांची पिशवी मला दिली. मुकुट तेवढा ठेवून घेतला. मी शिफ्ट सुटली की त्यांच्याकडे जायचो. दम कमी झाला होता, तरी थोडं वाजवायचे, आणि काकी भाजी निवडता निवडता मान न उचलता सांगायच्या, "चढला," "उतरला," "आता बरोबर." मोबाइलची सुई मी कधीच बंद करून टाकली होती.

गेल्या हिवाळ्यात मास्तर गेले. पेणहून बँड टेम्पोने आला. आपल्या माणसाला वाजवत न्यायचं हे ठरलेलंच होतं, पण काकी दारात बसलेल्या. सगळ्यांनी मिळून ठरवलं, ढोल नको, फक्त एक ट्रम्पेट, तेही मुकुट लावून. त्यांच्या मुलाने फळीवरचा मुकुट आणून माझ्या हातात दिला. मी तो बसवला, नळी बाहेर ओढली आणि ट्रम्पेट ओठांना लावलं.

"काढ तो," काकी म्हणाल्या.

मला वाटलं, त्यांना आता काहीच ऐकायचं नाही. मी ट्रम्पेट खाली घेतलं.

"मुकुट काढ. माझ्यापायी त्यांनी जन्मभर घरात आवाज कोंडला. आज उघडं वाजव."

"काकी, तुम्हांला सोसायचं नाय."

"नाय तर नाय. वाजव."

मी मुकुट काढून त्यांच्या मांडीवर ठेवला आणि ती भजनाची चाल धरली. पहिलाच सूर खाली बसला. बँडमधल्या प्रत्येकाला तो कळला, पण कुणी वर पाहिलं नाही. मला तर पुढचा सूर लावायचं धैर्यच होईना.

"नळी," काकी म्हणाल्या. "नळी आत घे. उतरलाय."

मी नळी आत घेतली. मग त्यांच्या उंबऱ्यापासून वाजवत निघालो, अगदी उघडं, मास्तर रस्त्यावर वाजवायचे तसं. कोपऱ्यावर वळताना मागे पाहिलं. काकी दारात उभ्या होत्या. दोन्ही हातांत मुकुट धरला होता, आणि कानावर हात नव्हता.