दुसऱ्या सायकलचा चिमटा

अर्धांगाच्या झटक्यातून हे वाचले, पण उजवा हात आणि उजवा पाय लुळेच राहिले. बोलणं परत आलं, तेही तुटक. कळंबोलीच्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात दिवसभर फोनवर ट्रकवाल्यांशी भांडणारा माणूस, आता एक वाक्य पुरं करताना दमायचा. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी म्हणाली, हाताला काहीतरी काम द्या, नुसता चेंडू दाबून कंटाळतात. मी त्यांना शेंगा सोलायला दिल्या. त्यांनी परात बाजूला सरकवली आणि म्हणाले, "बाबांची सायकल आण."

सासऱ्यांची सायकल उरणजवळच्या मोरा बंदरातल्या त्यांच्या घरामागे, फाटक्या जाळ्यांच्या ढिगाखाली पडलेली होती. सासरे धक्क्यावर बर्फ पोचवायचे, तेव्हाची. टेम्पोवाल्याने ती आमच्या खारघरच्या सोसायटीत पार्किंगमध्ये उतरवली, तेव्हा मला ओरडावंसं वाटलं. सकाळी ह्यांची आंघोळ, मग कॉलेजच्या ऑफिसात माझी नोकरी, संध्याकाळी पुन्हा व्यायाम, औषधं, स्वयंपाक. त्यात हे लोखंड. सीट नव्हती, चेनकव्हर नव्हतं, ब्रेकच्या दांड्यांतली एकच उरलेली, डावं पॅडल अर्धं. हिरव्या ऑइलपेंटचे इतके थर, की नळ्या सुजल्यासारख्या दिसत होत्या.

"विलायती आहे," हे म्हणाले. "बाबा सांगायचे."

रविवारी मी त्यांना खुर्चीत बसवून लिफ्टने खाली न्यायची. त्यांच्या उजव्या हातात पॉलिश पेपर द्यायचा आणि वरून माझा हात धरून घासायचं. खरं तर मीच घासायची. त्यांची बोटं आत कुठेतरी असायची. डावं पॅडल काढताना मी सगळी सकाळ पाना फिरवत होते आणि ते आणखी घट्ट होत होतं. हे मान हलवत काहीतरी सांगत होते. मला वाटलं, जोर लाव म्हणतायत. शेवटी त्यांनी डाव्या हाताने हवेत गोल काढून दाखवला. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. दोघंही हसलो नाही. मी पाना खाली टाकला आणि वर जाऊन कुकर लावला.

हिरव्याखाली निळा निघाला, निळ्याखाली काळा, आणि काळ्यावर एका जागी केसासारखी बारीक सोनेरी रेघ. ती दिसली तेव्हा ह्यांनी माझं मनगट दाबलं, उजव्या हाताने. कदाचित हाताला नुसताच आचका आला असेल, असं वाटलं.

पण सायकल कुठली, ते कळेना. पुढच्या नळीवरचा कंपनीचा बिल्ला कधीच गेला होता, राहिली होती नुसती भोकं. सीटखाली नंबर होता, त्यातले निम्मे आकडे कानशीने घासलेले. भाच्याने मोबाइलवर शोधून पुण्याच्या एका गृहस्थांशी गाठ घालून दिली. जुन्या सायकली जमवणारे, फार सभ्य. त्यांनी फोटो मागवले, मग बिल्ल्याच्या भोकांमधलं अंतर मोजायला लावलं. भोकं वर-खाली आहेत की शेजारी-शेजारी, हेही विचारलं. मी ऑफिसच्या डब्याच्या सुट्टीत त्यांना फोटो पाठवत बसायची. सहकारी विचारायच्या, घर बघताय का नवीन?

एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला.

"मॅडम, फ्रेम विलायतीच आहे. एकोणीसशे पन्नासच्या आसपासची असावी. दोन विलायती कंपन्यांपैकी एकीची, त्यापुढे छातीठोक सांगता येणार नाही."

ह्यांचा चेहरा उजळला.

"पण पुढचं चाक धरणारा चिमटा हिचा नाही. इथल्याच कुठल्यातरी सायकलचा बसवलाय. तो बदला, नाहीतर सायकल अस्सल म्हणता येणार नाही. मी बघतो कुठे मिळाला तर."

"बदलायचा," हे लगेच म्हणाले.

मग चिमट्याचा शोध सुरू झाला. म्हणजे माझाच. पनवेलच्या जुन्या सायकल दुकानात विचारलं, कळंबोलीच्या भंगारवाल्यांकडे उन्हात फिरले. चेनकव्हर आणि डावं पॅडल मिळालं, ब्रेकच्या दांड्या एका कारागिराने वाकवून दिल्या, चामड्याची सीट पुण्याच्या गृहस्थांनीच पाठवली. चिमटा मिळेना. रोज दारातून आत आले की हे विचारायचे, "मिळाला?" मला पायातल्या चपला काढायचंही त्राण नसायचं.

अशात मोठ्या नणंदबाई आल्या, मोऱ्याहून, पिशवीत मांदेली घेऊन. ह्यांच्यापेक्षा बऱ्याच मोठ्या. मासे ओट्यावर ठेवून त्या आम्हा दोघांबरोबर खाली सायकल बघायला आल्या. हात न लावता लांबूनच बघत राहिल्या.

"चिमटा तेवढा बदलायचाय, ताई," मी म्हटलं. "तो दुसऱ्या सायकलचा आहे."

"दुसऱ्याच सायकलचा हाय तो," त्या म्हणाल्या. "मी पुढं दांड्यावर बसलेली व्हती. उरणच्या रस्त्यावर ट्रकानं धडक दिली. चिमटा पार मोडला, आनि मी खडीत." त्यांनी हनुवटी वर करून खालचा व्रण दाखवला. तो मी इतकी वर्षं पाहिला होता, कधी विचारलं नव्हतं. "तू तवा जल्मला नव्हतास," त्या ह्यांना म्हणाल्या. "बाबानं सायकल तशीच टाकून मला उचलून दवाखान्यात पलत नेली. मंग भंगारातून चिमटा आनून सोताच बसवला. पन मला पुन्यांदा कंदी दांड्यावर बसवली नाय. मी लय रडायची. मला वाटायचं, माज्यावर रागावलाय."

"रागावले होते?" मी विचारलं.

"भ्याला व्हता. मला पोरं झाल्यावर कललं."

ह्यांनी डावा हात चिमट्यावर ठेवला. मग म्हणाले, "राहू दे हाच."

नणंदबाईंचे डोळे भरले. माझ्या मनात मात्र पहिलं काय आलं असेल, तर सुटले एकदाची. आता भंगारवाल्यांकडे जायला नको.

पुण्याच्या गृहस्थांना कळवलं. ते जरा हिरमुसले, पण म्हणाले, "तुमची सायकल आहे."

काळा रंग झाला. सोनेरी रेघ रंगाऱ्याने थोडी जाड ओढली. चालवणार कोण, हा प्रश्न मी कोणालाच विचारला नव्हता. एका रविवारी सायकल स्टँडवर घेतली तेव्हा मागचं चाक जमिनीपासून उचललं गेलं आणि हे म्हणाले, "मला बसव."

मी नाही म्हटलं. मग वॉचमनला हाक मारली. त्याने एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या. उजवा पाय पॅडलवरून घसरायला लागला, तो मी ओढणीने बांधला. ह्यांनी डाव्या पायाने जोर दिला. उजवा पाय त्यामागे ओढला गेला, वर आला, खाली गेला. चाक जागच्या जागी फिरायला लागलं. वॉचमन म्हणाला, "साहेब, सावकाश."

थोड्या वेळाने आम्ही सायकल भिंतीलगत सरकवली, वॉचमन गेला, आणि हे डाव्या हाताने भिंत धरून पॅडल मारत राहिले. शर्ट पाठीला चिकटला होता. मी शेजारच्या कठड्यावर बसले.

"बास आता," मी म्हटलं.

"अजून थोडं."

मी पाय लांब केले आणि बसून राहिले.