जरा बाजूला व्हा

इंग्लंडमधल्या आमच्या स्लाऊ गावातली जी इमारत अजून उभी आहे, तिच्यात आमच्या काकांना काडीचाही रस नाही. ती पाडली, जळली किंवा तिच्या जागी पार्किंग झालं, की मग त्यांचं तिच्यावर प्रेम बसतं. चांगल्या चालणाऱ्या दुकानासमोरून ते मान खाली घालून जातात आणि कधीकाळी पोस्ट होतं त्या रिकाम्या जागेपाशी मात्र टोपी काढून दोन मिनिटं उभे राहतात. नात्यानं ते माझ्या सासूबाईंच्या मावसबहिणीचे यजमान. हे नातं पुण्यात असतं तर लग्नपत्रिकेच्या पाकिटावरच संपलं असतं. इथे ते आमच्या घरापासून तीन गल्ल्यांवर राहतात, एकटेच राहतात, आणि त्यामुळे ते सख्खं झालं आहे. मावशींना मी पाहिलेलं नाही. मी इंग्लंडला आलो त्याच्या कितीतरी वर्षं आधी, चाळिशीही गाठायच्या आत, त्या गेल्या. मूलबाळ नव्हतं. काकांनी पुढे ट्रेडिंग इस्टेटवरच्या, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या, एका कारखान्यात निवृत्त होईपर्यंत नोकरी केली. त्यांच्या लेखी तो कारखाना अर्थातच आता गावातली सर्वांत सुंदर वास्तू आहे, कारण तोही पाडला.

आम्ही नवीन आलो तेव्हा त्यांनी जेवायला बोलावलं आणि फोनवर पत्ता सांगितला. "स्टेशनवरून सरळ ये. सिनेमा थिएटर आलं की लेफ्ट. मग टायरवाल्याला उजव्या हाताला ठेव आणि डेअरीच्या भिंतीपाशी वळ. एकदम इझी." आम्ही पाऊण तास हिंडलो. थिएटरच्या जागी फ्लॅट होते, टायरवाल्याच्या जागी गोदाम होतं आणि डेअरी माझ्या जन्माच्या आधीच नाहीशी झाली होती. शेवटी पुन्हा फोन केला तर काका चिडले. "अरे, एवढी मोठी डेअरी तुला दिसत नाही?" बायकोनं माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, "काका, पोस्टकोड द्या ना प्लीज." इथे पोस्टकोडवरून थेट गल्लीच सापडते. काकांनी तो दिला, पण जेवताना सगळा वेळ पोस्टकोड ही आळशी माणसांची सोय कशी आहे, हे आम्हाला ऐकावं लागलं. जेवायला टोस्ट आणि डब्यातल्या बीन्स होत्या, वर कांदा-लसूण मसाला. काका इथे आधी आले आणि मावशी वर्षभरानं आल्या. ते पहिलं वर्ष त्यांनी भाड्याच्या खोलीत ह्याच पदार्थावर काढलं होतं. "भयंकर वर्ष होतं रे," असं ते म्हणाले आणि त्यांनी आणखी बीन्स वाढल्या.

त्यांचा खरा मुक्काम असतो तो गावाच्या जुन्या फोटोंच्या ऑनलाइन ग्रुपवर. इंग्लंडमधल्या प्रत्येक गावाचा असा एक ग्रुप असतोच. कुणीतरी माळ्यावर सापडलेला आजीचा फोटो टाकतं, त्याखाली साठजण आपापल्या शाळेची आणि मिठाईच्या दुकानाची आठवण काढतात, आणि अधूनमधून भांडतात. आमच्या गावचा ग्रुप एक निवृत्त शिक्षिका चालवतात. काका त्यांना नुसतं 'बाई' म्हणतात. बाई प्रेमळ आहेत, पण वर्षांच्या बाबतीत ढिल्या आहेत, आणि काकांना तेच सहन होत नाही. फोटोतली माणसं त्यांना दिसतच नाहीत. दिसते ती मागची भिंत, पाटी, दिव्याचा खांब. लोक कौतुकानं आजीचा फोटो टाकतात आणि खाली काकांची सभ्य इंग्रजीतली प्रतिक्रिया येते: "मॅडम, आपल्या आजी प्रसन्न आहेत, परंतु त्यांनी नेमकी चपलांच्या दुकानाची पाटी झाकली आहे. त्या जरा बाजूला उभ्या आहेत असा एखादा फोटो मिळेल का?" आणि प्रत्येक प्रतिक्रियेच्या शेवटी एक विनंती ठरलेली: फोटोच्या कडा कृपया कापू नयेत.

एकदा एका आजींनी त्यांच्या लग्नाचा फोटो टाकला. चर्चमधून निघून नवरानवरी गावातल्या बेकरीसमोर उभी होती. खाली लग्नाचं वर्ष लिहिलं होतं. काकांनी तासाभरात कळवलं की, तुमच्या लग्नाचं वर्ष चुकलं आहे. बेकरीच्या दारावर जे पट्ट्यापट्ट्यांचं कापडी छत दिसतंय, ते त्याच्या पुढच्या वर्षी बसवलं. आजी संतापल्या. माझं लग्न कधी झालं हे मला ठाऊक नाही का, असं त्यांनी मोठ्या अक्षरांत विचारलं. बाईंनी मध्यस्थी केली. दोन दिवसांनी आजींनी कपाटातून दाखला शोधला, आणि काका बरोबर निघाले. बिचाऱ्यांनी लग्नाचा पन्नासावा वाढदिवस एकोणपन्नासाव्या वर्षीच साजरा करून टाकला होता. काकांनी त्यांना खऱ्या पन्नासाव्याला फुलं पाठवली आणि सोबतच्या कार्डावर त्या कापडी छताबद्दल चार ओळी जास्तीच्या लिहिल्या.

इथल्या मराठी मंडळींनी त्यांना एकदा गणपतीच्या कार्यक्रमाचे फोटो काढायला सांगितलं. ती चूक पुन्हा कुणी केलेली नाही. पैठण्या नेसून पंधरा-वीस बायका स्टेजवर ओळीनं उभ्या राहिल्या. काका कॅमेरा डोळ्याला लावून म्हणाले, "जरा बाजूला व्हा." बायका डावीकडे सरकल्या. "अजून जरा." आणखी सरकल्या. उजेड नीट पडत नसेल, असं सगळ्यांना वाटलं. शेवटी सगळा घोळका पायऱ्यांवर गेला, तेव्हा काकांनी रिकाम्या स्टेजचा फोटो काढला आणि थँक यू म्हणाले. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना अकरा फोटो मिळाले: पडदा, खिडक्या, खोली तापवायचा रेडिएटर चार बाजूंनी, आणि कोपऱ्यात अर्धा मोदक. मी जाब विचारला तर म्हणाले, "तुम्ही सगळे आहातच रे. हा हॉल कौन्सिल पाडणार आहे." हॉल खरंच दोन वर्षांनी पाडला. आणि आता त्याचे फोटो फक्त काकांकडे आहेत.

हे सगळं मी तिखटमीठ लावून चारचौघांत सांगत असे आणि हशा मिळवत असे. मागच्या वर्षीच्या एका रविवारपर्यंत.

त्या दिवशी काकांनी बिस्किटांचे तीन पत्र्याचे डबे बाहेर काढले होते. आत त्यांनी तरुणपणी काढलेले गावाचे फोटो होते. तेव्हा ते प्रत्येक फोटोच्या दोन प्रती करत. एक घरी साताऱ्याला, एक इथे. पाठीमागे निळ्या शाईत बारीक अक्षर: 'बाण केला आहे ती आमची खिडकी.' 'ह्या दुकानात कोथिंबीर सोडून सर्व मिळते.' त्यांच्या वडिलांचं एक पत्रही त्यात होतं. 'फोटो मिळाले. गाव स्वच्छ आहे. परंतु रस्त्यावर माणूस कसा तो दिसत नाही. तेथे काही साथ वगैरे आहे काय, ते कळवावे.' आम्ही पोट धरून हसलो. काकाही हसले.

बायकोनं तिसरा डबा संपवला आणि सहज विचारलं, "काका, ह्यात मावशी कुठे आहेत?"

मी भिंतीकडे पाहिलं. मावशींचा एकच फोटो तिथे होता, पासपोर्टचा मोठा करून घेतलेला. चेहरा कडक, आणि खांद्यावर शिक्क्याचा अर्धा गोल. लग्नाच्या फोटोत म्हणे मुंडावळ्यांमागून नाक तेवढं दिसतं. काका उठले, कप विसळले, परत येऊन बसले.

"काढणारा मीच ना," ते म्हणाले. "घरच्यांनी तिला बघितलेलंच होतं. त्यांना इंग्लंड बघायचं होतं. मग मी तिला म्हणायचो, जरा बाजूला हो, दुकान दिसत नाहीये. आणि ती व्हायची बाजूला. माझी टोपी, कॅमेऱ्याचं कव्हर, पिशव्या, सगळं धरून उभी राहायची. ह्या प्रत्येक फोटोत ती आहे." त्यांनी फोटोच्या कडेपासून दोन बोटं सोडून टेबलावर बोट ठेवलं. "फक्त इथे आहे. आणि तो भिंतीवरचा फोटो बघतेस ना, तशी नव्हती गं ती. ती सारखी हसायची. माझ्याकडे तिचा तसा एकही फोटो नाही."

कडा का कापू नयेत, ते मला त्या दिवशी कळलं. हा माणूस दुसऱ्यांच्या फोटोंच्या काठाकाठानं स्वतःची बायको शोधत होता, आणि मी त्याच्यावर हशा मिळवत होतो. मला स्वतःचीच लाज वाटली.

बायकोनं घरी येऊन, काकांना न विचारता, ग्रुपवर सगळं लिहून टाकलं. काका भडकले. "घरातली गोष्ट तू सगळ्या गावाला सांगितलीस!" आठवडाभर त्यांनी आमचा फोन घेतला नाही. पण बाईंनी ते लिहिणं ग्रुपवर सगळ्यांत वर लावलं, आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांनी शिड्या लावून आपापले माळे उपसायला घेतले. साडी नेसलेल्या बायांचे फोटो येऊ लागले. बहुतेक कुणाकुणाच्या पंजाबी आणि गुजराती शेजारणी निघाल्या. एक तर खिडकीतला पडदा निघाला. काका प्रत्येकाला उत्तर देत: "ह्या माझ्या पत्नी नव्हेत. परंतु मासेवाल्याची पाटी फार स्वच्छ आली आहे. आभारी आहे." मी रोज बेसिंगस्टोकच्या ऑफिसातून परतताना ट्रेनमध्ये फोनवर फोटो मोठे करकरून कडा तपासत असे. शेजारी बसलेल्या माणसांना माझ्याबद्दल काय वाटत असेल, देव जाणे.

फेब्रुवारीत एका माणसानं त्याच्या वडिलांच्या नव्या गाडीचा फोटो टाकला. गाडी मधोमध, वडील बॉनेटवर हात ठेवून. मागे फुटपाथ, आणि फुटपाथपलीकडे बेकरी. गाडीच्या टपामागे फुटपाथवर एका सडपातळ माणसाची पाठ दिसत होती, वाकून कॅमेरा डोळ्याला लावलेला. आणि त्याच्या डावीकडे, अगदी फोटोच्या कडेला, साडीवर ओव्हरकोट घातलेली एक बाई. एका हातात टोपी, दुसऱ्या हातात दोन पिशव्या, गळ्यात कॅमेऱ्याचं कव्हर. त्या माणसाकडे बघत ती हसत होती, चांगली दात दिसेपर्यंत.

मी तडक काकांकडे गेलो. त्यांनी तो आधीच पाहिला होता. टेबलावर त्यांनी स्वतः काढलेला त्या दिवशीचा बेकरीचा फोटो ठेवला होता: दार, पाटी, काचेतले पाव, आणि एकही माणूस नाही. शेजारी टॅब्लेटवर हा. ते एकदा ह्याच्याकडे बघत, एकदा त्याच्याकडे. "टोपी बघ कशी धरलीये," ते म्हणाले. "वाऱ्यानं उडेल म्हणून घट्ट."

आता तो फोटो मोठा करून भिंतीवर लावला आहे. कडा कापलेल्या नाहीत. गाडीही आहे, गाडीवाले वडीलही आहेत. पासपोर्टचा फोटो पुन्हा पासपोर्टपाशी गेला. मागच्या रविवारी बीन्स खाता खाता मी भिंतीवरचा नवा फोटो पुन्हा नीट पाहिला, आणि इतक्या दिवसांच्या सहवासाचा परिणाम म्हणा, माझं लक्ष आधी दुकानाकडे गेलं. फोटोच्या खाली, गाडीवाल्याच्या मुलानं लिहिलं होतं तसंच, वर्ष छापलं होतं. बेकरीच्या दारावर पट्ट्यापट्ट्यांचं कापडी छत होतं.

"काका," मी म्हणालो, "वर्ष चुकलंय. हे छत त्याच्या पुढच्या वर्षीचं. आणि खाली छापलंय त्या वर्षी तर मावशी इथे आल्याही नव्हत्या. तुम्ही एकटे होतात."

"माहितीये," काका म्हणाले. त्यांनी माझ्या ताटात आणखी एक टोस्ट ठेवला. "बाईंनी पण विचारलं, वर्ष बरोबर आहे का म्हणून. मी म्हटलं, बरोबर आहे. राहू दे रे. तेवढंच एक वर्ष जास्तीचं."