बागेपुरती आई

वैनी गेल्याचा निरोप आला तेव्हा मी मुरबाडला भावाच्या ओटीवर बिरड्याचे वाल सोलत बसले होते. गावचा एक मुलगा यष्टीतून उतरून तडक माझ्यापुढं आला आणि उभ्याउभ्याच म्हणाला, "काकी, चला. यमुनाकाकी गेली सकाळी." यमुना म्हणजे वैनी, माझी थोरली जाऊ. अशा वेळी माणसानं टाहो फोडावा, निदान कसं झालं, काय झालं ते विचारावं. मी काय विचारलं? "भाऊजी धड आहेत ना?" तो बिचारा म्हणाला, आहेत की. म्हणजे बाई अहेव गेली. म्हणजे हिरवं लुगडं, हिरवा चुडा, मळवट भरलेला, आणि पाया पडायला गावातल्या सगळ्या सवाष्णी... माझं कुंकू पुसलं त्याला चार वर्षं झाली. वाल तसेच टाकले, लुगडं बदलायला आत गेले, आणि मनात आलं ते हेच की बघा, जातानासुद्धा ही माझ्या वरचढच! रडू आलं ते नंतर, यष्टीत बसल्यावर.

हेवा हा शब्द तोंडानं उच्चारायला लोक लाजतात. मी नाही लाजत. किन्हवलीकडच्या त्या घरात मी धाकटी सून म्हणून आले तेव्हा मुरबाडच्या शाळेत सातवी पास झालेली होते आणि वैनी अंगठाबहाद्दर. पण घर फिरायचं ते तिच्याभोवती. सासू तिला विचारून मीठ घालायची. शेजारणी भांडण घेऊन तिच्याकडे यायच्या आणि हसत परत जायच्या. आणि पोरं तर काय... एक पाळण्यातून उतरलं नाही तोवर दुसरं तयार! माझी कूस काही उजवली नाही. नवस झाले, अंगारे झाले, झाडपाला उगाळून प्यायले. तिचा मधला सुदाम माझ्या मांडीवर झोपायचा, माझ्या ताटात जेवायचा, पण अंधार पडला की डोळे चोळत तिच्या कुशीत जायचा. तेवढ्या एका पोराला दत्तक द्या म्हणून माझ्या नवऱ्यानं एकदा विषय काढला होता. वैनी उठून चुलीपुढं जाऊन बसली. विषय तिथंच मिटला, माझ्या मनातून मात्र तो कधी गेला नाही.

सत्तावन्न-अठ्ठावन्नच्या सुमाराला आमच्या शाळेत नवे गुरुजी आले. हौशी माणूस! शाळेमागं दगडधोंड्यांची पडीक जागा होती, तिथं मुलांची बाग करायची त्यांनी मनावर घेतलं. मुलांनी दगड वेचले, घरटी शेणखताची टोपली आणली, शेराच्या खांद्याएवढ्या फांद्या दाट रोवून कुंपण घातलं, बांबूचं फाटक केलं. मग गुरुजींनी वाफे पाडले आणि गावाला सांगितलं, प्रत्येक मुलामागं घरचं एक माणूस, आई नाही तर बाप, सकाळी शाळेआधी बागेत हवं. बापे हसले. "आमी आमची शेतां बघावी का पोरांचा खेल?" म्हणाले आणि गेले. राहिल्या आया. वैनीच्या पदराखाली तान्ही मुलगी होती. ती मला म्हणाली, "शेवंते, सुदामच्या वाफ्यावर तू जा गो. मला काय जमत नाय."

मी गेले. हातात भेंडीचं बी घेतलं, आणि गंगाबाई नावाची एक बाई सगळ्यांच्या देखत बोलली, "गुरुजी, आईबाप म्हणलावता ना? हिला कुठं पोर हाय? वांझेचा हात बियाला लागला तं उगवल काय?" गुरुजी खाली बघायला लागले. बाकीच्या आया मिरचीच्या रोपांत काहीतरी शोधू लागल्या. मी बी तिथंच ठेवलं आणि घरी आले. कुणाला काही सांगितलं नाही, पण सुदामनं सांगितलं असणार. दुसऱ्या दिवशी वैनी तान्ह्या पोरीला कडेवर घेऊन, माझा दंड धरून, मला ओढत शाळेत घेऊन गेली. फाटकात उभी राहिली आणि गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सुदाम, आजपासून बागेत हिला आई म्हणायचं. घरी काकी, बागेत आई. समाजलं? आता बोल गो गंगे, हाय का नाय ही लेकुरवाळी?" बायका तोंडात पदर घालून हसायला लागल्या. सुदाम मान वर करून माझ्याकडे बघत म्हणाला, "आये, बी दे."

तुम्हाला वाटेल, मी वैनीचे पाय धरले असतील. छे! माझ्या अंगाची लाही लाही झाली. दिलं तेही हिनंच! आणि दिलं ते किती, तर शेराच्या कुंपणाइतकं. ज्याच्या घरात धान्याची कणगी भरलेली असते त्याला पसाभर वाढायला काय लागतं, असं मी मनात म्हटलं. तरी ते पसाभर मी सोडलं नाही, हेही खरं.

पोरगं नियमाला पक्कं होतं. फाटकातून आत पाऊल पडलं की "आये, इकडं बघ, अळी", "आये, माझ्या काकडीला ह्यानं बोट दाखिवलं, आता कुजल ती", आणि फाटकाबाहेर पडलं की "काकी, चल." मधे श्वाससुद्धा नाही! मग मी काय करायची, बाहेर पडायचंच लांबवायची. निंदून झालेला वाफा पुन्हा निंदायची. मिरचीला पाणी घालून झालं की पुन्हा विहिरीवर. गुरुजींनी दोनदा बजावलं, "शेवंताबाई, मुळं कुजतील." कुजलीच. सगळ्या आयांचे वाफे हिरवेगार आणि आमची वांगी पिवळी पडून माना टाकून बसलेली. गंगाबाईला काय, आयतंच सापडलं. मला मात्र सोयरसुतक नव्हतं. वांगी मेली तर पुन्हा लावावी लागतात, पुन्हा लावायची तर तेवढंच बागेत राहायला मिळतं...

एक हिवाळा असा गेला. पुढच्या वर्षी बाग इतकी बहरली की शनिवारी मुलं घरोघर भाजी नेऊ लागली. असाच एक शनिवार. सुदाम सदऱ्याच्या ओच्यात भेंड्या घेऊन घरी आला, पाटावर बसला आणि भुकेच्या भरात ओरडला, "आये, वाढ लवकर!" वैनी चुलीपुढं होती. तिनं भाकर उचलली. पण तो बघत होता माझ्याकडे. मी त्याला वाढलं, आणि माझा फुललेला चेहरा तिनं पाहिला. सोमवारी सकाळी मी निघाले तर वैनी अंगणात उभी, लुगडं खोचलेलं, हातात खुरपं. "आता पोरगी मोठी झाली," म्हणाली. "उद्याधरनं काय, आजधरनंच मी जाईन." मी म्हटलं, "जा." त्यानंतर आम्ही एका घरात राहिलो, पुढं चुली वेगळ्या केल्या, एकमेकींची आजारपणं काढली, पण त्या बागेचा शब्द दोघींपैकी कुणी काढला नाही. दिलेलं काढून घेणारी बाई, असं मी तिला मनातल्या मनात म्हणत राहिले. अगदी परवापर्यंत.

तेराव्याला सगळं उरकल्यावर थोरले दीर माझ्या दारात आले आणि म्हणाले, "सुदाम आता तुमाला बघल. तुमचाच तो." असा संताप आला मला! जे मागितलं तेव्हा मिळालं नाही, ते आता ती नाही म्हणून माझ्या पदरात टाकायला निघाले! पण त्या म्हाताऱ्याला काय बोलणार... पाण्याचा तांब्या पुढं केला.

सुदाम आता वाशिंदला कारखान्यात आहे, सुट्टीला घरी येतो. गेल्या खेपेला माझ्याकडे जेवायला बसला होता. डोक्यावर केस अजून बोटभरही वाढलेले नव्हते. मला राहवेना. मी विचारलं, "सुदाम, बागेत तू मला आई म्हणायचास, आठवतं का रे?"

त्यानं घास थांबवला. बराच विचार केला. "मी? तुला? नाय गो काकी."

सगळ्या जन्मात माझ्या वाट्याला आलेलं एक वर्ष, आणि ते ह्याला आठवतही नाही! मी आमटी वाढायच्या निमित्तानं तोंड फिरवलं. तेवढ्यात तोच म्हणाला, "बागेचं मला एकच आठवतं. आई रोज यायची. शेराच्या मागं उभी राहायची, पोरीला कडेवर घेऊन. मी बघितलं तं तोंडावर बोट ठेवायची. काकीला सांगू नको म्हणायची."

"रोज?"

"रोज. तू पानी घालत बसायचीस ना, तवर ती पण उभी असायची. मग आपल्या आधी धावत घरी."

मी म्हटलं, जेव.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गाडीला गेला आणि मी शाळेकडे गेले. गुरुजी केव्हाच बदलून गेलेत, पण बाग आहे. हल्लीच्या आया आत निंदत होत्या, पोरं झाऱ्या घेऊन पळत होती. मी आत गेले नाही. शेर आता डोक्याच्या वर वाढलाय. त्याच्या मागं, शाळेच्या भिंतीच्या बाजूला एक माणूस जेमतेम उभं राहील एवढी जागा आहे. तिथं जाऊन उभी राहिले. दिसत फारसं काही नाही तिथून. पण आत एक पोरगी वाफ्यात वाकून आईला हाक मारत होती, आणि तिथून बागेतला शब्द न् शब्द ऐकू येतो.