निवडणार कोण?

"हिला मी निवडलं," असं पेंटर सगळ्यांना सांगायचे. गल्लीभरात एवढ्या मुली होत्या, पण आपली नजर पारखी, असं म्हणून ते कॉलर नीट करायचे. बायको आत भांडी लावत असायची. ती फक्त एखादं झाकण जरा जोरात ठेवायची.

खरी हकीकत वेगळीच होती. तीस वर्षांपूर्वी पेंटर शिडीवर चढून एका दूधवाल्याची पाटी रंगवत होते. लाल अक्षरं, पिवळी कड, काय तो हात! एवढ्यात वरच्या खिडकीतून एका मुलीनं खाली वाकून सांगितलं, "अहो, दू दीर्घ असतो." पेंटरांनी हातभर उंचीच्या अक्षरांत 'दुध' लिहून ठेवलं होतं. ते शिडीवरून पडता पडता वाचले. अक्षर दुरुस्त केलं, पण दुसऱ्या दिवशी काहीच काम नसताना तीच शिडी तिथेच लावून ते उगाच कोरडा ब्रश फिरवत बसले. तिसऱ्या दिवशी मुलगी म्हणाली, "आता खाली उतरा आणि काय ते बोला." याला पेंटर 'मी निवडलं' म्हणतात. बोला आता!

पुढे पाट्या कॉम्प्युटरवर कापून मिळायला लागल्या आणि पेंटरांचे ब्रश डब्यात वाळले. दोन वर्षं ते घरी होते. एवढ्या वेळात त्यांनी काय केलं म्हणाल, तर रस्त्यातल्या कुठल्या पाटीवर ऱ्हस्व-दीर्घ चुकलंय ते वहीत टिपून ठेवलं. वही भरली. वाचायला कुणी मागितली नाही.

बायको भाजीच्या पॅकिंग शेडमध्ये नऊ वर्षं कामाला होती. शहराबाहेरची पत्र्याची लांबलचक शेड, सदा ओली फरशी, मध्ये स्टीलचं मोठं टेबल आणि टेबलाभोवती टोप्या घातलेल्या बारा बायका. भाजी यायची, धुतली जायची, सडकी-किडकी बाजूला व्हायची, वजन होऊन पिशवीत भरली जायची आणि शेवटी लेबल चिकटवून दुकानांकडे जायची. लेबलाच्या मशीनवरची मुलगी नोकरी सोडून गेली, तेव्हा बायकोनं मालकीणबाईंकडे शब्द टाकला. मालकीणबाई म्हणाल्या, "महिनाभर बघते. जमलं तर ठेवू."

हा महिना पेंटरांसाठी काय होता, ते त्यांनाच ठाऊक. छप्पन्न वर्षांच्या माणसाला नवं स्टूल कोण देतंय? इथून घरी पाठवलं, की मग कायमचं घर आणि ती वही. वरून हसण्यावारी नेत असले, तरी सकाळी शेडचं दार दिसलं की ते कॉलर दोन-दोनदा नीट करायचे.

त्यात शेडमध्ये त्यांना कुणी पेंटर म्हणेना. बायकोला सगळ्या 'मावशी' म्हणायच्या, म्हणून हे झाले 'मावशींचे मिस्टर'. "मिस्टर, रोल संपला." "मिस्टर, पाय उचला, पाणी मारायचंय." शहरातल्या निम्म्या दुकानांची नावं ज्यानं रंगवली, त्याची ही किंमत!

पण पहिल्याच आठवड्यात त्यांनी आपली चुणूक दाखवली. मशीनमध्ये आधीपासून 'ताजी' हा एकच शब्द बसवलेला होता. त्यामुळे ताजी भोपळा, ताजी मुळा, ताजी टोमॅटो असा सगळा कारभार बिनबोभाट चालला होता. पेंटरांनी कपाळावर हात मारला. भोपळा ताजा, काकडी ताजी, गाजर ताजं, असं एकेकाला न्याय देत त्यांनी मशीन सुधारलं. टेबलावरच्या बायका हसल्या. एक म्हणाली, "मिस्टर, खाणाऱ्याला काय फरक पडतो?" पेंटर म्हणाले, "भोपळ्याला पडतो." हे उत्तर आपण फार भारी दिलं, असं त्यांना दोन दिवस वाटत होतं.

मालकीणबाईंना मात्र ते आवडलं. एका मोठ्या दुकानसाखळीला पालेभाजी द्यायची बोलणी चालली होती. साध्या पिशवीतली नको, झकास रंगीत लेबल लावलेली हवी. पालक, मेथी, कोथिंबीर, तिघींना मिळून एकच लेबल. त्यांनी पेंटरांना बोलावून सांगितलं, "दोन शब्द द्या. गिऱ्हाइकाचा हात थांबला पाहिजे."

पेंटर त्या दिवशी जमिनीवर नव्हतेच. त्यांनी आधी सुचवलं, 'जबाबदार पालक'. मालकीणबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "हे शाळेतून आलेल्या चिठ्ठीसारखं वाटतंय. आणि मेथीचं काय?" मग 'हिरवाईचा हुंकार' आलं. त्यावर मालकीणबाईंनी फक्त पंखा वाढवला.

संध्याकाळी घरी पेंटर खोलीत येरझारा घालत होते. बायको जमिनीवर वर्तमानपत्र पसरून मेथीची जुडी घेऊन बसली होती. तीस वर्षं ती रोज अशीच बसायची आणि तीस वर्षं पेंटर तिला ओलांडून जायचे. आजही दोनदा ओलांडून झालं. तिसऱ्यांदा ओलांडताना एक पाय हवेत असतानाच त्यांना शब्द सुचला.

"निवडलेली ताजी पालेभाजी!"

बायकोचा हात थांबला. "निवडलेली?"

"निवडलेली! कसं वाटतं?"

"पण निवडणार कोण?"

"कोण म्हणजे? कंपनी निवडणार!"

"खरंच?"

"अगं, लेबलावर छापून येतंय, खरंच काय विचारतेस?"

बायकोनं त्यांच्याकडे असं काही बघितलं, की पेंटरांना दूधवाल्याची पाटी आठवली. इतक्या कौतुकानं तिनं कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. भाषेची कदर आहे हिला, असं मनात म्हणून ते छाती फुगवून जेवायला बसले.

चाळीस हजार लेबलं छापून आली. हिरवी कड, मध्ये पांढऱ्यावर ठसठशीत अक्षरं. एकही वेलांटी चुकलेली नाही. महिना संपायला एक दिवस होता. पहिली गाडी भरून गेली, तेव्हा पेंटर फाटकापर्यंत तिला सोडायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीच गाडी परत आली. गाडीवाल्यानं मागचं दार उघडलं आणि क्रेटमागून क्रेट खाली उतरवले. "परत आलंय," तो म्हणाला, "सगळं."

पिशव्या फोडलेल्या होत्या. काहींवर दुकानदारांनी गिऱ्हाइकांचं म्हणणं लिहून चिकटवलं होतं. एकीवर होतं, 'निवडलेली म्हणून घेतली. मुळं कुणी काढायची?' दुसरीवर, 'ऑफिसातून येऊन पुन्हा निवडत बसले. फसवणूक आहे ही.' तिसऱ्या पिशवीत जिवंत गोगलगाय होती आणि वर सुबक अक्षरांत चिठ्ठी, 'हिलाही तुम्हीच निवडलंत का?'

पेंटरांना आधी कळेचना. "अहो, पण निवडलेली म्हणजे उत्तम! वेचक! शंभरातून पारखून घेतलेली!"

टेबलावर बारा बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मग ती भोपळ्याच्या वेळची बाई हळूच म्हणाली, "मिस्टर, तुमच्या घरी भाजी निवडतं कोण?"

सगळं टेबल फिसकन हसलं. आणि तेव्हा कुठे पेंटरांच्या डोक्यात उजेड पडला. मुळं कापायची, माती झटकायची, पिवळी पानं काढायची, पान न् पान देठावरून खुडायचं, याला भाजी निवडणं म्हणतात. जगातल्या सगळ्या लोकांना ठाऊक आहे. त्यांनाही ठाऊक होतं. पण ते काम त्यांनी स्वतः कधी केलेलंच नव्हतं, त्यामुळे शब्द जिभेवर आला तोही 'हिला मी निवडलं' म्हणून कॉलर नीट करायच्याच अर्थानं. ऱ्हस्व-दीर्घाची वही भरणाऱ्या माणसाला 'निवडलेली'चा अर्थ गोगलगायीनं शिकवला.

मालकीणबाई फोन ठेवून बाहेर आल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, तेच जास्त वाईट होतं. "चार वाजता गाडी येतेय. लेबलावर जे लिहिलंय ते पिशवीत नसेल, तर उद्यापासून त्यांचं-आपलं संपलं. एक तर चाळीस हजार लेबलांवरचा शब्द खोडा, नाही तर भाजी निवडा."

पेंटरांची बोबडी वळली होती, पण कल्पना सुचायची थांबेना. "मी काय म्हणतो, खोडायचं कशाला? ब्रशनं पुढे फक्त एक 'न' काढतो. 'न निवडलेली ताजी पालेभाजी'. म्हणजे खोटंही नाही आणि..."

"मिस्टर," मालकीणबाई म्हणाल्या, "गप्प बसा."

बायकोनं तेवढ्यात बाह्या वर केल्या, एक क्रेट टेबलावर उपडा केला आणि बाकीच्यांना म्हणाली, "चला गं." बारा जणींचे हात सुरू झाले. पेंटर तसेच भिंतीला टेकून उभे. "अहो," ती न बघताच म्हणाली, "उभे काय राहिलात? बसा."

पेंटर रिकाम्या क्रेटवर बसले. त्यांनी मेथीची एक काडी घेतली, उजेडात धरली आणि ब्रश धरावा तशी चिमटीत पकडून एकेक पान अलगद काढायला लागले. बायकांच्या सहा जुड्या झाल्या तेव्हा यांची अर्धी. वरून घोळ असा, की शेजारणीनं डोकावून बघितलं तर मिस्टरांनी पानं कचऱ्याच्या टबात टाकली होती आणि देठ मात्र छान सारखे जुळवून टेबलावर मांडले होते. "अगं बाई गं!" ती ओरडली. टब पुन्हा उपसावा लागला. पेंटरांना धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं, पण फरशी सिमेंटची होती.

कंबर धरली. नखं हिरवी झाली. बोटांच्या टोकांना बारीक चिरा पडून झोंबायला लागलं. मध्येच त्यांनी बायकोच्या हातांकडे बघितलं. अंगठ्याच्या बाजूची ती काळपट खरबरीत रेघ त्यांनी रोज पाहिली होती आणि ती रेघ जन्मजातच असावी, असं ते धरून चालले होते. त्यांना भयंकर लाज वाटली. खरीखुरी, कान तापवणारी लाज.

चारला दहा कमी असताना शेवटची पिशवी भरली. गाडी गेली. मालकीणबाई टेबलाशी आल्या आणि पेंटरांना वगळून बायकोकडे बघत म्हणाल्या, "मावशी, आज महिना संपला. तुम्हीच सांगा, ठेवायचं का यांना?"

पेंटर आपल्या हिरव्या नखांकडे बघत होते. ही काय बोलेल, याची त्यांना कधी एवढी भीती वाटली नव्हती.

"ठेवा," बायको म्हणाली. "मी यांना निवडलं तेव्हा मुळं-मातीसकटच आले होते. तीस वर्षं निवडतेय. आता थोडेच देठ राहिलेत."

टेबलावर असा हशा पिकला, की पत्रे वाजले. मालकीणबाईही तोंडावर हात धरून हसल्या. पेंटरही हसले. हसता हसता डोळे पुसले आणि बोटांना मेथी असल्यानं ते आणखीच चुरचुरले. ठरलं असं, की अर्धा दिवस लेबलाचं मशीन आणि अर्धा दिवस टेबलावर मावशींच्या हाताखाली. लेबल मात्र तेच राहणार होतं.

संध्याकाळी घरी आल्यावर पेंटर चप्पल काढता काढता म्हणाले, "तू शब्दांतली एवढी जाणकार. तेव्हाच का नाही थांबवलंस मला?"

"मी विचारलं होतं की, निवडणार कोण म्हणून."

"मी कंपनी म्हणालो, आणि तू खूश झालीस!"

"मग होणार नाही?" ती पाणी पिता पिता थांबली. "मला वाटलं, आता शेडमध्ये निवडलेली भाजी मिळेल; पहिली गाडी तशीच गेली, तरी म्हटलं उद्यापासून मिळेल. तिथून घरी आणेन. दिवसभर तिकडे उभी राहून इथे पुन्हा खाली बसायला नको. तुम्ही कंपनी म्हणालात त्या रात्री छान झोप लागली होती मला."

पेंटरांच्या हातात एक चप्पल तशीच राहिली. तिचं ते बघणं भाषेसाठी नव्हतं, मेथीसाठी होतं. तीस वर्षं आपण या बाईला ओलांडत आलो, हे त्यांना आत्ता दिसलं.

बायकोनं पिशवीतून जुडी काढली, वर्तमानपत्र पसरलं आणि गुडघ्यावर हात टेकून बसायला लागली. पेंटरांनी घाईघाईनं पुढे होऊन वर्तमानपत्र स्वतःकडे ओढलं आणि मांडी घातली.

"हे काय?" ती म्हणाली. "निवडणार कोण?"

"कंपनी," पेंटर म्हणाले, आणि पहिलंच पान देठांत टाकलं.