मामाजींचे कान

हे मी ह्यांना कधी सांगितलं नाही, म्हणजे माझ्या मालकांना. ते गेले. दिराला नाही, पोटच्या लेकीला नाही. देवाला न सांगता कळतं म्हणतात. मग त्याच्यापुढे बसले की माझी माळ एवढी भरभर का सरकते?

तुम्ही माझ्या ओळखीचे नाही. म्हणून तुम्हालाच सांगते. ओळखीच्या माणसाला सांगितलं की तो एकतर समजूत काढतो, नाहीतर पुढच्या वेळी चहा देताना डोळ्यांत बघत नाही. मला दोन्ही नको.

तसं पाहिलं तर गोष्ट एका बाज्याची आहे. चावीच्या बाज्याची, ज्याला ग्रामोफोन म्हणत. तो कुठला घ्यावा, आमच्या घरात कुठला टिकेल, एवढीच चर्चा होती. घरोघरी अशा चर्चा होतात—आणि कुणी मरत नाही. आमच्याकडेही बाज्याने कुणी मेलं नाही. मेलं असं मी म्हणतही नाही.

आमचं विणकराचं घर, नागपुरात, इतवारीच्या मागच्या गल्लीत. दुसरं महायुद्ध अजून सुरू व्हायचं होतं. पुढच्या मोठ्या खोलीत तीन माग, जमिनीत खड्डे करून बसवलेले. मागे चूल आणि निजायची जागा. पहिल्या मागावर हे, दुसऱ्यावर माझा दीर गोपाळ, तिसऱ्यावर मी. आमच्याकडे बाया मागावर बसत नसत. बायांनी धोट्याच्या कांड्यांवर सूत भरावं, सुताला लावायची खळ शिजवावी. पण तिसरा माग माझ्या सासऱ्यांचा होता आणि त्यांचे डोळे गेले. माग रिकामा कोण ठेवणार? मला बसवलं.

सासऱ्यांना मी मामाजी म्हणत असे. डोळे गेल्यावर ते भिंतीशी घोंगडीवर बसून चाचपून कांड्या भरत. आणि ऐकत. ताण्यातला, म्हणजे उभ्या सुतांतला, एखादा धागा तुटला की तो शेजारच्या धाग्यांत अडकतो, मधून आडवं सूत नेणारा धोटा जाताना जरा घासतो. तो आवाज तुम्हाला कळणार नाही. मलाही कळत नव्हता, मी तर मागावरच बसलेली. मामाजींना कळायचा.

"तिसरा माग. तुटला."

एवढंच म्हणत. राग नाही, टोमणा नाही. मी थांबायचं, धागा शोधायचा, गाठ मारायची. न थांबता पुढे गेलं तर लुगड्यात उभी विरळ रेघ पडते, उजेडात धरलं की दिसते. मामाजी मागावर बसत तेव्हापासून आमच्या घरचं लुगडं इतवारीतला व्यापारी घडी न उलगडता घेई. ते नाव त्यांच्या हातांनी कमावलेलं. आता हात माझे होते, म्हणून ते कानांनी राखत होते. हे मला आज कळतं. तेव्हा काय कळत होतं? तेव्हा एवढंच कळायचं की आपण चुकलो की हा म्हातारा भर खोलीत बोलून दाखवतो—आणि दीर हसतो.

"वहिनी, लुगडं विणून राहिली का जाळं? सांग बाप्पा, मासोळ्या धराले कन्हानवर जाऊ मंग!"

हेही हसत. मामाजी हसत नसत. मला त्यांचं ते न हसणं जास्त लागायचं.

मग ह्यांनी कुठेतरी एका विणकराच्या घरी बाजा ऐकला आणि वेडेच झाले. गाणं चालू असलं की हात थकत नाही म्हणे. मला वाटलं मामाजी नको म्हणतील. ते म्हणाले, "घ्या ना गा. मलेही तेवढंच ऐकाले होईल. पण आपल्या घरात टिकन असा घ्या."

आणि त्यांनीच सगळा विचार केला. दोन दिवस कांड्या भरता भरता तोच विषय. आपल्याकडे सुताचे तंतू उडतात, ते यंत्रात जातील. तीन मागांच्या दणक्याने जमीन हलते, सुई उड्या मारेल. तर आढ्याला दोर बांधून फळी टांगा आणि बाजा तिच्यावर ठेवा. मे महिन्यात तबकड्या पापडासारख्या वाकतील. त्या रांजणाशेजारी ठेवा, गारव्याला. आंधळा माणूस बसल्या जागी ही व्यवस्था लावत होता. त्यांना गाण्याचं वेड होतं. दर शनिवारी गोपाळचा हात धरून मारुतीच्या देवळात भजनाला जात, टाळ वाजवत.

हे आणि मी सीताबर्डीच्या दुकानात गेलो. दोन जातींचे बाजे होते. एकाला पितळेचा मोठा कर्णा, आवाज असा की रस्त्यावरची माणसं वळून बघत. दुसरा बंद पेटीचा. झाकण, आतूनच आवाज, मऊ आणि कमी. दुकानात गर्दी. दुकानदाराने एक छापील कागद हातात दिला. म्हणाला, घरी वाचून घ्या, मग या.

वाचणार कोण? दोघं भाऊ शाळेत गेलेले नव्हते, मामाजींनी डोळे होते तेव्हाही अक्षर गिरवलं नव्हतं. माझं माहेर भिवापूरचं, तिथे मी चौथीपर्यंत शिकले होते. सासरी त्याचं कौतुक होतं. पत्र आलं, नोटीस आली की हे हाक मारत—ये वं, वाच.

दुपारी जेवणं झाली. सगळे बसले. मी कागद उघडला.

त्यात लिहिलं होतं की जिथे धूळ किंवा तंतू उडतात तिथे कर्ण्याचे यंत्र नेऊ नये, तंतू आत शिरून स्प्रिंग तुटते. अशा जागी बंद पेटीचेच घ्यावे.

मी वाचलं की बंद पेटीला उन्हाळ्यात वारा लागत नाही, स्प्रिंग तापून ढिली पडते. गरम मुलखात कर्ण्याचेच यंत्र टिकाऊ.

ओळींवर बोट ठेवून वाचलं. मध्ये एकदा अडखळले सुद्धा, खरं वाटावं म्हणून. कसली भीती? ऐकणाऱ्यांत एक आंधळा आणि दोन निरक्षर.

"पेटीचा नाही का चालत, सूनबाई?" मामाजींनी विचारलं. "त्याचा आवाज कमी हाये म्हणता. गाणं बी ऐकू येते, माग बी ऐकू येते."

"कागदात तसं नाही, मामाजी."

बस. कर्ण्याचा आवाज मोठा होता, एवढंच माझं कारण. त्याखाली माझा माग बुडाला असता. आणखी खोल जाऊन शोधू नका; दुसरं काही सापडणार नाही.

बाजा आला. गल्लीतली माणसं दारात गोळा झाली. टांगलेल्या फळीवर सुई एकदाही उडाली नाही. मामाजी मांडीवर ताल धरून बसले, आणि मी—मी मोकळी झाले. धागा तुटलेला दिसायचा. मी थांबायची नाही. मला वाटलं, संपलं.

संपलं नव्हतं. कर्णा ओरडत असायचा, दोन माग दणकत असायचे, आणि त्यातून ते म्हणायचे, "तिसरा माग." कसं ऐकू यायचं त्यांना? अजून मला कळलेलं नाही. मी म्हणायची, "काही नाही मामाजी, तबकडी खरखरून राहिली." पहिल्यांदा त्यांनी मान डोलावली. दुसऱ्यांदा मान तिरकी करून बराच वेळ ऐकत राहिले.

मग व्यापाऱ्याने लुगडी परत केली. पहिल्यांदाच. हे घरी येऊन ओरडले. मामाजी शांतपणे म्हणाले की मी रोज सांगतो, तिसऱ्या मागावर धागा तुटून राहिला. सगळे माझ्याकडे वळले. आणि माझ्या तोंडून निघालं—

"मामाजीले आजकाल भलतंच ऐकू येते. नसते तेही येते अन् असते ते येत नाही."

आधी ठरवलेलं नव्हतं. पण निघाल्यावर मी ते परत घेतलं नाही, यात ठरवणं आलंच ना?

ह्यांनी परीक्षा घ्यायची ठरवली. बाजा बंद, दोघा भावांचे माग बंद. फक्त माझा चालू. हे मामाजींजवळ उभे. मी विणत राहिले. थोड्या वेळाने मामाजी म्हणाले, "हे घे. तुटला." तुटला होता. ह्यांना खोली ओलांडून यायला किती वेळ लागणार? त्या दिवशी माझी बोटं कधी नव्हे ती चपळ झाली. हे वाकून बघेपर्यंत गाठ बसली होती. त्यांनी सगळा ताणा न्याहाळला. मग बापाकडे बघून हळू म्हणाले, "नाही गा बाबा. काहीच नाही तुटलं."

मामाजी म्हणाले, "नाही?" मग पुन्हा, "नाही."

त्या दिवसापासून घरातले त्यांच्याशी ओरडून बोलायला लागले. बहिऱ्याशी बोलतात तसं, कानाशी तोंड नेऊन. गोपाळ तर इतका ओरडे की गल्लीतलं कुत्रं भुंके. मामाजी मान मागे घेत, पण बोलत नसत. शेजारीही ओरडू लागले. महिनाभरात काय झालं माहीत आहे? ते ऐकू आलेलंही पुन्हा विचारायला लागले. "काय म्हटलं?" मी हळू बोलून बघितलं—हो, मी बघितलं—चुलीपासून पुटपुटले की मीठ संपलं, आणि खोलीपलीकडे त्यांचा चेहरा माझ्याकडे वळला. मग लगेच खाली गेला. आपल्याला ऐकू आलं यावर त्यांचा विश्वास बसला नाही. एका शनिवारी गोपाळ हात धरायला आला तर म्हणाले, राहू दे, माझा टाळ चुकन, लोकांचं भजन कशाला बिघडवाचं?

आता माझ्या घरचेही माझ्याशी ओरडून बोलतात, म्हातारी म्हणून. मला चांगलं ऐकू येतं. मी त्यांना तसं सांगत नाही.

वर्ष पुरं व्हायच्या आत बाज्याची स्प्रिंग तुटली. आत सुताचा गोळा झाला होता. हे दुकानात भांडायला गेले. दुकानदार म्हणाला, तुम्हाला कागद दिला होता ना? हे तणतणत आले, देव्हाऱ्यामागून तो कागद काढला आणि माझ्यापुढे टाकला. मी तो जाळला का नव्हता? देव जाणे.

"वाच वं पुन्हा. काय लिहिलं हाये त्यात?"

मी उचलला. मागे काय वाचलं होतं ते मला धड आठवेना. खोटं बोललेलं लक्षात ठेवावं लागतं, आणि मी ठेवलं नव्हतं. मी वाचलं की तंतू उडत असतील तिथे दर आठवड्याला तेल घालावे, न घातल्यास स्प्रिंग तुटते. दोष ह्यांच्यावर गेला.

आणि भिंतीशी बसलेले मामाजी म्हणाले, "सूनबाई, मागच्या खेपेस हे नव्हतं. तू वाचलं होतं—" आणि त्यांनी माझं जुनं खोटं शब्दाला शब्द म्हणून दाखवलं. बंद पेटीला उन्हाळ्यात वारा लागत नाही. गरम मुलखात कर्ण्याचेच यंत्र टिकाऊ. मी जिथे अडखळले होते तिथे ते थांबलेसुद्धा.

गोपाळने माझ्याकडे बघितलं. ह्यांनीही बघितलं. मग हे उठले, बापाच्या कानाशी वाकले आणि ओरडले, "बाबा! तुम्हाले ऐकू येत नाही आता! भलतंच ऐकलं असन!"

मामाजींनी चेहरा माझ्याकडे केला. त्या डोळ्यांना दिसत नव्हतं, पण ते माझ्याकडेच होते. ते थांबले. मी बोलू शकले असते. लांबलचक काही नाही—मामाजी, तुम्ही बरोबर ऐकलं, एवढंच. मी कागदाची घडी घालत राहिले.

मग ते म्हणाले, "हो गा. माझ्या कानाचा काय भरोसा."

त्यांना कळलं होतं का? कळून मला झाकलं? की खरंच त्यांना वाटलं आपले कान गेले? साठ वर्षं होत आली, मी हे दोन्हीकडून फिरवून बघते. कळलं होतं म्हणावं तर त्यांचा तो चेहरा समोर येतो. नव्हतं कळलं म्हणावं तर—तर ते जास्त वाईट. दुपारी घर निजलं की मला अजून कुणीतरी थांबल्यासारखं वाटतं. माझ्या बोलण्याची वाट बघत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला जवळ बोलावलं. म्हणाले, "थोडा कापूस दे वं, सूनबाई. नसलेले आवाज येतात दिवसभर. कानात घालतो, म्हणजे त्रास नाही."

मी दिला.

त्यानंतर ते तीन हिवाळे जगले. कांड्या भरत, हाताला हात लावला की जेवायला उठत. तिसऱ्या मागाबद्दल पुन्हा एक शब्द बोलले नाहीत. आमची लुगडी आता व्यापारी उलगडून बघे.

ते गेले तेव्हा शेजारची जाणती माणसं आली. मेलेल्या माणसाच्या नाकात, कानात कापूस घालतात. मी आतल्या दारात उभी होते. त्यांच्यातला एक जण वाकला, थांबला, आणि दुसऱ्याला म्हणाला, "कानात तं हायेच गा."

रोज सकाळी तो मीच देत होते. वातींसाठी आणलेल्यातला चिमूटभर काढून, बी असेल तर वेचून, बोटांनी मऊ करून त्यांच्या तळहातावर ठेवत होते. तीन वर्षं. त्यांचे कान शेवटपर्यंत चांगले होते, आणि मला ते ठाऊक होतं.