पांढरीवरच्या बागेतलं लग्न

गावाचं नाव देत नाही, कारण अशा जागी लोक खापऱ्या उचलायला जातात. पांढरकवड्याहून अर्ध्या तासावर, इतकं पुरे.

इमारतींच्या पायासाठी माती तपासणं हे माझं काम. ऑफिसमधली माझी सहकारी प्रणाली म्हणाली की तिच्या आजीच्या गावात बागेसाठी टेकाड कापलंय आणि आत जुन्या वस्तीचे थर दिसतात. रविवार मोकळा होता. एकटीच निघाले.

नागपूरहून पहिली एसटी घ्यावी. हायवे उत्तम आहे. पांढरकवड्याला स्टँडसमोर तर्रीपोहे खाऊन घ्या, पुढे काही मिळत नाही. तिथून काळीपिवळी जीप, जी भरल्याशिवाय सुटत नाही. मे महिन्यात जाणार असाल तर उन्हं चढायच्या आत पोचा.

प्रणालीच्या आजींनी, शेवंताआजींनी, भाकर-झुणका वाढला आणि बाग दाखवली. टेकाडाला गावात पांढरी म्हणतात, म्हणजे जुन्या वस्तीची जागा. झोपाळ्यांवर 'फक्त लहान मुलांसाठी' असं लिहिलंय, पण सकाळी त्यांवर बायकाच बसलेल्या. मोठ्यांच्या व्यायामाच्या दांड्यांना पोरं लटकलेली. कुणाचीच तक्रार नव्हती. संध्याकाळी बाहुलाबाहुलीचं लग्न आहे, तुम्हीही या, असं आजींची पणती आरोही म्हणाली. ती नवरीची आई. नवऱ्याची आई कोमल, शेजारच्या शेळ्यावाल्यांची.

दुपारी गाव झोपलं तेव्हा मी कापलेल्या कडेपाशी गेले. शहर गाडलं जायला दर वेळी पूर किंवा भूकंप लागत नाही. मातीची भिंत पडते, ती माती कुणी उचलून नेत नाही, सपाट करून त्यावरच नवं घर उभं राहतं. राख, तुडवलेली जमीन, खापऱ्या, पुन्हा राख. थर स्पष्ट दिसावेत म्हणून मी थापीने कड तासली. परवानगी विचारली नाही. माती खाली पडत गेली. खाली काटक्या आणि मातीचे उंचवटे होते, ते मला कचरा वाटले.

चारच्या सुमाराला मुली आणि बायका आल्या. आरोही त्या ढिगाऱ्यापाशी थबकली. माझ्या मातीखाली त्यांचा मांडव होता. चूल, विहीर, दोन्हीकडची घरं. आठवडाभर सगळ्यांनी मिळून केलेली.

"कोमले, तुह्या बकऱ्याइनंच केलं हे," आरोही म्हणाली.

कोमल म्हणाली की बकऱ्या बांधून आहेत. कुणी ऐकलं नाही. एक बाई हसून म्हणाली, नवऱ्याकडचे लोक असेच, लग्नाआधीच नुकसान. आरोहीने लग्न मोडल्याचं जाहीर केलं. कोमल बाहुला उचलून घरी गेली.

मी बाकावर चहा पीत होते. थापी पिशवीत होती. चहा संपवला, मग माती मीच पाडल्याचं सांगितलं.

शेवंताआजींनी माझ्याकडे बघितलं. "मंग आतावरी काहून नाई बोलली वं?"

आरोही माती उपसायला लागली तशी आजींनी तिला थांबवलं. "उपसू नोको. दाबून घे. यावरच बांधू." बायका झोपाळ्यांवरून उतरल्या आणि माती थोपटायला बसल्या. मला त्यांनी कोमलला आणायला पाठवलं.

ती गोठ्यात होती. बकऱ्या खरंच बांधलेल्या होत्या. मी घडलं ते सांगितलं.

"मी सांगतलं होतं बांधून हायेत म्हनून," ती म्हणाली. "कोनं आयकलं?"

"मी ऐकलं होतं."

"मंग?"

ती आली, पण माझ्यापासून चार पावलं पुढे चालत. लग्न लागलं. अक्षता मलाही मिळाल्या. कोमलने वाटताना माझी ओंजळ टाळली होती. आजींनी आपल्यातल्या थोड्या दिल्या. शेवटची एसटी मिळाली.

सोमवारी प्रणालीने प्रवास कसा झाला ते विचारलं. मी रस्त्याबद्दल, पोह्यांबद्दल सांगितलं. थर किती सुरेख दिसतात ते सांगितलं. राख, जमीन, खापऱ्या, कोणत्या थराखाली कोणता, सगळं नीट क्रमाने. कोमलचं नाव काढलं नाही.

तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आजीचा फोन आलता काल."